बद्द

माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून घेतात
तसा मी हा ट्रक वाजवला,
पुढच्या दिव्यापासून मागच्या फळीपर्यंत.
टण, टण, टण,
आणि उजव्या दारामागे, केबिनच्या खालच्या कोपऱ्यात
बद्द.

सदुसष्ट सालचा फोर्ड. रंग पिस्त्याचा, जिथे उरलाय तिथे.
अ‍ॅश्टब्युलात नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ असतं.
ईरी सरोवरावरून बर्फ येतं, नगरपालिका मीठ टाकते,
आणि गाड्या खालून वर
लोणच्यासारख्या मुरत जातात.
लायल होस्टेटलरने हा चाळीस हिवाळे चालवला.
"लायलचं काम कधी कच्चं नसायचं,"
किल्ली देताना अर्डिथ म्हणाली,
म्हणजे किंमत कमी होणार नव्हती.

मी दिवसभर दातांच्या कवळ्या घडवते.
कीड कुठवर गेली ते वरून दिसत नाही, एवढं मला कळतं.
ग्राइंडर लावला. रंगाखाली लांबी निघाली,
लांबीखाली आणखी लांबी,
बोटभर जाड, गुलाबी, थेट हिरडीच्या रंगाची,
आणि तिच्याखाली पत्राच नव्हता.
कोंबलेलं वर्तमानपत्र. दमट, गंजाने तांबूस.
वा, लायलभाऊ, म्हटलं मनात.

पुढचे तीन गुरुवार
अर्डिथ झुकिनीचा केक घेऊन आली की
मी कोपऱ्यावर जुनी चादर टाकायचे.
गेलेल्या माणसाची लबाडी
त्याच्या बायकोला कशाला दाखवा.
"काय निघालं?"
"थोडाफार गंज."

चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेले.
चार बोटांचं भोक वीतभर झालं, वीतभराचं हातभर.
ब्लाउज बेतावा तसा पुठ्ठ्यावर आकार उतरवला,
नवा पत्रा कातरला, वाळूच्या पिशवीवर ठोकून
त्याला बाक दिला.
मग टाके. एक इथे, दुसरा पार तिकडे,
मध्ये ओलं फडकं,
कारण सलग शिवत गेलं की पत्रा तापतो, रुसतो, फुगून बसतो,
आणि त्याची समजूत काढण्यात अख्खा रविवार जातो.
माझा गेला.

चौथ्या गुरुवारी चादर टाकायची राहिली.
टेबलावर ते वर्तमानपत्र वाळत पडलं होतं.
मी गॉगल वर करून काही बोलायच्या आत
अर्डिथने उचललं.
मधोमध एक चौकोन कापलेला, कात्रीने, अगदी सरळ.
"कॉफीचं कुपन," ती म्हणाली. "हे माझं आहे."

त्या हिवाळ्यात त्याचे हात थरथरायला लागले होते.
चमचा धरवेना, हातोडी कुठली.
तो झोपला की ती खाली यायची,
डब्यावरच्या सूचना वाचून लांबी कालवायची,
केकवर साय-साखर पसरायच्या सुरीने सारखी करायची.
"रंग जुळला नाही. रात्री दिव्यात बरा दिसायचा."

आणि तो?

तो रोज सकाळी गॅरेजात येऊन
हातोडीच्या दांड्याने गाडीभर वाजवत फिरायचा. सवय.
"इथे आला की थांबायचा.
एकदाच वाजवायचा.
मग मागचं चाक."

कागद परत आत घालू का, तिने विचारलं.
म्हटलं, नको, पाणी धरेल. उलट खाली
भोक ठेवावं लागतं, आलेलं पाणी जायला.
तिने मान हलवली, त्या चौकोनातून बोट घालून पाहिलं,
घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.
मग पत्रा थंड झालाय का विचारून
पेराने वाजवला.
टण.
पुन्हा वाजवला.
"कुणी दुसराच बोलतोय," म्हणाली,
आणि थाळी माझ्याकडेच विसरून गेली.

बर्फाआधी प्राइमर मारायचा होता.
मी दांडा घेतला
आणि डाव्या बाजूने वाजवायला लागले.